हजेरीची बेडी तोडणारा राजा
(राजर्षी शाहू छत्रपती यांचे चरित्र)

विद्यार्थिमित्रहो, हजेरी हा शब्द तुमच्या नित्य परिचयाचा आहे. रोज सकाळी वर्गात तुमचे नाव पुकारले जाते आणि तुम्ही आनंदाने ओ देता. ही हजेरी तुमच्या हिताची असते. तुम्ही आलात याचा गुरुजनांना आनंद होतो आणि आला नाहीत तर काळजी वाटते. परंतु याच शब्दाला एके काळी दुसरा, फार कडू अर्थ होता. आपल्या देशात असे लक्षावधी लोक होते की, ज्यांस रोज गावच्या चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत, चोरी करावयास बाहेर पडलो नाही, अशी खात्री पटवून द्यावी लागे. त्यांनी चोरी केलेली असो वा नसो. त्यांचा जन्म विशिष्ट जातीत झाला, एवढाच त्यांचा अपराध! ही मानहानीची हजेरी आपल्या राज्यातून ज्या राजाने १९१८ साली काढून टाकली, त्या कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

आम्ही मूळचे कोकणी बोलणाऱ्या घरातले. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां लोकांना कोल्हापूर म्हणजे घाटमाथ्यावरचे शेजारचे संस्थान. त्यामुळे शाहू महाराजांचे नाव आमच्या कानी लहानपणापासूनच पडलेले. परंतु वडोदऱ्यात राहणाऱ्या तुम्हां मुलामुलींनाही हा राजा परका वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई या आपल्या याच नगरीतील खानविलकर घराण्याच्या कन्या. गुणाजीराव खानविलकर यांच्या या लेकीचा विवाह शाहू महाराजांशी १८९१ साली झाला. म्हणजे नात्याने पाहिले तर हा राजा वडोदऱ्याचा जावईच होय.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आणि आई राधाबाई. कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी या दहा वर्षांच्याही आतील मुलास दत्तक घेतले आणि त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांचे काही शिक्षण झाले. पुढे धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना विसावे वर्ष चालू होते. शरीराने ते भव्य, कुस्तीचे व शिकारीचे शौकीन, आणि वागण्यात अगदी साधे. शेतकरी, पहिलवान, माहूत, धनगर अशा माणसांत ते रमत. राजवाड्याच्या भिंतीपलीकडचे जग त्यांनी कागदावरून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या सवयीतच आहे.

त्यांच्या कारभाराची पहिलीच वर्षे मोठी कठीण गेली. १८९६ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि मागोमाग प्लेगची साथ आली. या संकटातून प्रजेला सावरीत असतानाच समाजाच्या तळाशी असलेला माणूस किती असहाय आहे, हे त्यांना कळून चुकले. १९०१ सालापासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास आरंभ केला. १९०२ साली ते इंग्लंडात असताना त्यांच्या राज्यात एक जाहीरनामा निघाला, आणि राज्यातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. आपल्या वडोदरा राज्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, हे तुम्हांस ठाऊक आहेच. शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला.

या सर्व गोष्टी तुमच्या पाठ्यपुस्तकांत येतात. परंतु ज्या एका कार्याचा उल्लेख तेथे बहुधा ओझरताच असतो, त्याविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. ते समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती आधी ध्यानी घेतली पाहिजे.

आपल्या देशात पूर्वीपासून अनेक लोक गावोगाव फिरून पोट भरीत आले आहेत. लमाण बैलांच्या तांड्यावर मीठ व धान्य लादून देशभर पोचवीत. पारधी जाळी व फासे लावून शिकार करीत. कोणी लोखंडाची अवजारे घडवीत, कोणी दोरीवरच्या कसरती दाखवीत, कोणी धारा लावून देत. रामोशी व बेरड हे तर रखवालीच्या कामातले लोक. गड आणि गावे यांचा पहारा त्यांच्यावर सोपविलेला असे. इंग्रजी अंमल आला आणि ही सगळी घडी विसकटली. १८१८ साली मराठी राज्य बुडाले, तेव्हा रामोश्यांची रखवाली व तिची वेतने गेली. त्यांतूनच उमाजी नाईकांनी बंड उभारले आणि १८३२ साली त्यांस पुण्यात फाशी देण्यात आले. आगगाडी आली, तशी लमाणांच्या बैलांची गरज उरली नाही. जंगलांवर सरकारी कायदे बसले, तेव्हा पारध्यांचे रान त्यांस बंद झाले. ज्यांचा धंदा बुडाला, त्यांतील काही जण चोरीकडे वळले असतील, हे आम्ही नाकारीत नाही. भुकेने कोणत्या जातीत चोर निर्माण केले नाहीत? परंतु इंग्रज सरकारने चोर शोधण्याऐवजी जातीच्या जातीच चोर ठरविल्या.

१८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा पसारा वाढविण्यात आला. त्याची रीत अशी होती: सरकारने एखाद्या जमातीस गुन्हेगार म्हणून जाहीर केले की, त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. त्या जमातीच्या लोकांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढत. त्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि गाव सोडावयाचा तर परवाना घ्यावा लागे. काही जमातींना कुंपणाच्या वसाहतींत कोंडण्यात आले. सोलापूरला अशी एक मोठी वसाहत होती. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याचीही सोय कायद्यात होती. इतर कोणत्याही माणसावर आरोप आला तर सरकारला तो सिद्ध करावा लागे. या लोकांवर मात्र जन्मतःच आरोप सिद्ध झालेला असे. एकाच देशात, एकाच सरकारच्या राज्यात न्यायाची ही दोन मापे होती.

हा अन्याय केवळ आपल्याच देशात होता असे नव्हे. युरोपात जिप्सी किंवा रोमा म्हणून ओळखले जाणारे भटके लोक आहेत. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातूनच तिकडे गेले, असे भाषापंडितांनी दाखवून दिले आहे. त्यांच्या भाषेत अंक मोजतात ते एक, दुई, त्रिन, श्तार, पांज असे. आणि पाण्याला ते पाणीच म्हणतात! या आपल्या दूरच्या भाऊबंदांना इंग्लंडने १५३० साली कायदा करून देशाबाहेर जाण्यास फर्माविले, आणि १५५४ साली तेथे राहण्याबद्दल त्यांस देहान्त शासन ठेवले. फ्रान्सने १९१२ साली भटक्या लोकांना बोटांचे ठसे व शरीराची मापे नोंदलेली एक वही बाळगण्यास भाग पाडले. ज्या गावी मुक्काम होईल, तेथे त्या वहीवर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागे. चावडीवरची हजेरी आणि ही फ्रेंच वही, दोहोंचे कूळ एकच. ज्याचे घर एका जागी नाही त्याची नियत चांगली नाही, हा समज राज्यकर्त्यांच्या मनात जगभर खोल रुजलेला होता.

आता कोल्हापूरकडे वळू. हे संस्थान असल्यामुळे तेथे छत्रपतींचा स्वतःचा कारभार होता; तरीही हजेरीची चाल तेथेही रूढ होती. महार, मांग, रामोशी व बेरड या चार जातींच्या लोकांना गावकामगारांपुढे रोज हजेरी द्यावी लागे. यांतील महार आणि मांग हे काही फिरस्ते लोक नव्हते. गावाच्या वेशीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारी ती माणसे. तरीही संशयाचे जाळे त्यांच्यावरही पडले होते. मित्रहो, या हजेरीने काय होत असेल, याचा थोडा विचार करा. ज्याला संध्याकाळी चावडीवर उभे राहावयाचे आहे, तो दूरच्या बाजारात मजुरीस कसा जाणार? परगावी लेक आजारी पडली तर तिला भेटण्यास कोणाची परवानगी मागणार? गावात चोरी झाली की प्रथम त्याच्याच झोपडीची झडती. आणि हजेरी चुकली की तोच चोरीचा पुरावा! प्रामाणिकपणे जगण्याचे सर्व मार्ग बंद करावयाचे आणि मग हा प्रामाणिक नाही असे म्हणावयाचे, अशी ही विपरीत रीत होती.

शाहू महाराजांचे थोरपण हे की, त्यांनी हा प्रश्न पोलिसांच्या नजरेने पाहिला नाही. फासेपारधी ही जमात तेव्हा चोरटी म्हणून कुप्रसिद्ध होती. लोक त्यांना गावाच्या शिवेवरही थांबू देत नसत आणि पोलीस त्यांच्या पाठीस लागलेले असत. महाराजांना शिकारीमुळे रानात हिंडण्याची सवय. त्यामुळे या लोकांची चपळाई, रानाचे ज्ञान आणि उपासमार ही तिन्ही त्यांच्या ध्यानी आली होती. त्यांनी फासेपारध्यांना कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथे आश्रय दिला, त्यांच्या अन्नाची व निवाऱ्याची सोय केली आणि त्यांस कामे नेमून दिली. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. सोनतळीच्या छावणीवर महाराजांचा स्वतःचा मुक्काम असे, आणि तेथील पहाऱ्याचे कामही त्यांनी याच लोकांकडे सोपविले. ज्यांच्या भीतीने लोक दारे बंद करीत, त्यांच्याच भरवशावर हा राजा निर्धास्त झोपला! कुंपणाच्या वसाहती बांधून इंग्रज सरकार जे साधू पाहत होते, ते महाराजांनी भाकरी, काम आणि विश्वास या तीन गोष्टींनी साधण्याचा मार्ग दाखविला.

आणि मग १९१८ साल उजाडले. हे वर्ष महाराजांच्या आयुष्यात अत्यंत दुःखाचे ठरले. जून महिन्यात त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन मरण पावले. आदल्याच वर्षी या राजपुत्राचा विवाह झाला होता. घरात कोवळी सून विधवा झालेली, स्वतःची प्रकृती खालावलेली. अशा वेळी एखाद्या राजाने कारभाराकडे पाठ फिरविली असती तरी कोणी दोष दिला नसता. परंतु त्याच वर्षी महाराजांनी महार, मांग, रामोशी व बेरड या जातींची हजेरी बंद करण्याचा हुकूम काढला. जातीवरून माणसाला संशयित धरण्याची चाल त्यांनी आपल्या राज्यापुरती मोडीत काढली. ज्याने अपराध केला त्याला शिक्षा व्हावी. ज्याने केला नाही त्याला कोणी अडवू नये, इतके साधे हे तत्त्व. पण ते अमलात येण्यास तोपर्यंत कितीतरी पिढ्यांना वाट पाहावी लागली होती.

या हुकुमाच्या जोडीने त्यांनी आणखी काही पावले टाकली. त्याच १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या, म्हणजे त्यांच्या मागची वेठ सुटावी. अस्पृश्य समाजातील लोकांना त्यांनी तलाठ्याची कामे दिली आणि वकिलीच्या सनदाही दिल्या. यातील मर्म ओळखा. आजवर ज्यांना न्यायासनापुढे केवळ आरोपी म्हणून उभे केले जाई, त्यांच्यातूनच आता बाजू मांडणारे वकील उभे राहणार होते. गंगाराम कांबळे या आपल्या सेवकास सवर्ण नोकरांनी पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण केली, तेव्हा महाराजांनी त्यास चहाचे दुकान काढून दिले, आणि स्वतः तेथे थांबून सर्वांदेखत चहा घेण्याचा परिपाठ ठेवला. हुकूम कागदावर राहतो. राजा दुकानापुढे थांबून चहा घेतो, तेव्हा तो हुकूम लोकांच्या डोळ्यांत भरतो. १९१९ साली कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली, ती अशा कृतींमुळेच सार्थ वाटते. पुढच्या वर्षी, १९२० च्या मार्चमध्ये, माणगाव येथील परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांचा गौरव केला. आपल्याच वडोदरा राज्याच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेल्या या विद्वानाच्या हाती पुढे भारताची घटना घडावयाची होती.

६ मे १९२२ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुंबई येथे शाहू महाराजांचे देहावसान झाले.

चरित्रकाराने केवळ स्तुती करू नये. म्हणून एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. महाराजांचा हुकूम कोल्हापूरच्या सीमेपर्यंतच चाले. सीमेपलीकडच्या ब्रिटिश मुलखात तोच रामोशी, तोच पारधी पुन्हा नोंदवहीतला गुन्हेगार होई. शिवाय राजाची कृपा आणि माणसाचा हक्क यांत अंतर असते. राजा उदार असेल तोवर कृपा राहते. हक्क मात्र कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. म्हणून हे काम पुरे होण्यास स्वतंत्र भारताची वाट पाहावी लागली. महाराजांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९२४ साली, इंग्रजांनी तो कायदा पुन्हा नव्याने मांडला होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तो १९४९ साली रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. कोल्हापूरच्या हुकुमानंतर चौतीस वर्षांनी! तेव्हापासून त्या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जातात, आणि ३१ ऑगस्ट हा दिवस त्या मुक्तिदिन म्हणून पाळतात.

परंतु कायदा गेला तरी संशय गेला नाही. जातीचा कायदा गेला, त्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पोलिसांची नजर पुष्कळदा त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. १९९८ साली पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. त्याची शबर जमात एके काळी त्या कुप्रसिद्ध यादीत होती. त्याच्यासाठी न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने चौकशीचा व भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी आपल्या वडोदऱ्यात लेखिका महाश्वेता देवी यांनी या अन्यायाची हकीकत लोकांपुढे मांडली. येथील प्राध्यापक गणेश देवी आणि विमुक्तांमधूनच पुढे आलेले लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक संघटना येथेच उभी केली. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसविले व त्याच्याच नावाने आपली नाट्यसंस्था काढली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरविली, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी रीतीने अटक होऊ नये, अशी ताकीदही पोलिसांस दिली. १९१८ च्या हुकुमातील तत्त्व शतकानंतरही पुन्हा सांगावे लागले, ही गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? राजे होऊन हुकूम काढणे आपल्या हाती नाही. परंतु लहान प्रमाणावर प्रत्येकाच्या हाती थोडे न्यायदान असतेच. आपल्या अलकापुरीच्या रस्त्यांवरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे सरणिया जातात. शहराच्या कडेला गाडिया लोहारांच्या गाड्या दिसतात. त्यांची मुले कधी तुमच्या बाकावर येऊन बसतील, आणि ती यावीत अशीच आमची इच्छा आहे. वर्गात कोणाची लेखणी हरवली, सोसायटीत कोणाची सायकल गेली, की पहिला संशय कोणावर जातो? ज्याचे कपडे मळके, ज्याची बोली वेगळी, ज्याचे घर पालाचे, त्याच्याच दप्तराला प्रथम हात लागत असेल, तर चावडीवरची ती हजेरी अजून बंद झालेली नाही. ती केवळ आपल्या मनात येऊन बसली आहे. पालकांनीही घरी बोलताना हे ध्यानात ठेवावे. मुलांच्या मनातील संशय बहुधा मोठ्यांच्या बोलण्यातूनच उगवतो.

शाहू महाराजांची सर्वांत मोठी शिकवण आमच्या मते ही आहे: अविश्वासाने माणूस सुधारत नाही, तो केवळ कोपऱ्यात सापडतो. विश्वास टाकण्यास धैर्य लागते, कारण फसगत होण्याचा धोका पत्करावा लागतो. ते धैर्य त्या राजाने दाखविले. ज्यांना सारे जग चोर म्हणत होते, त्यांच्या हाती त्याने आपल्या छावणीचा पहारा दिला. तुमच्यापैकी कोणी उद्या पोलीस अधिकारी होईल, कोणी वकील, कोणी न्यायाधीश, कोणी शिक्षक. तुमच्यासमोर जो माणूस उभा राहील, त्याची जात विचारण्याआधी त्याने काय केले आणि काय केले नाही, एवढेच विचारण्याची बुद्धी तुम्हांस होवो, हीच आमची तुम्हां सर्वांस मनःपूर्वक सदिच्छा.